पाण्याबाहेरची नाव

मे महिना सरत आला की कोकण किनाऱ्यावरील पर्यटक-निवासांच्या अंगणात एक नित्याचा प्रश्न उभा राहतो. पावसाळ्यात समुद्रातील जलक्रीडा बंद असतात. हंगामभर चार पैसे मिळवून देणाऱ्या कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालविण्याच्या हलक्या, अरुंद नावा, आता काही महिने ठेवायच्या कोठे आणि कशा? बहुधा सोपे उत्तर काढले जाते. नाव जांभ्याच्या दोन चिऱ्यांवर टेकवली जाते आणि तिच्यावर ताडपत्री करकचून आवळली जाते. पाऊस ओसरल्यावर ताडपत्री निघते, तेव्हा चिऱ्यांच्या जागी तळाला दोन खळगे पडलेले दिसतात. नाव पाण्यात सरळ रेषेत चालेनाशी होते. हंगामभर लाटांनी जे केले नाही, ते काही महिन्यांच्या विश्रांतीने केलेले असते.

याचे कारण पदार्थाच्या स्वभावात आहे. आज सर्रास दिसणाऱ्या कयाक पॉलिएथिलीन या प्लास्टिकच्या असतात. गच्चीवरील पाण्याची टाकी जशी फिरत्या साच्यात घडवतात, तशीच ही नावही घडवतात. हे प्लास्टिक आघात सोसते. परंतु एकाच जागी दीर्घकाळ पडलेला दाब त्याला सोसवत नाही. ते हळूहळू दबते आणि उन्हाने तापल्यास अधिकच लवकर दबते. शिवाय सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी त्याचा रंग विटतो आणि कालांतराने ते ठिसूळ होते. पाण्यात असताना नावेचा भार सबंध तळावर वाटला जातो. जमिनीवर तोच भार दोन-तीन बिंदूंवर एकवटतो. भार वाटून देणे आणि ऊन अडवणे, एवढ्या दोन गोष्टींतच नावेची बरीचशी निगा सामावलेली आहे.

ही जाण नवी नाही. कयाक ही मुळात ग्रीनलंड व उत्तर कॅनडातील इन्यूइट लोकांची शिकारीची नाव. वाहत आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बांधली जाई. ते कातडे कुत्र्यांनी कुरतडू नये म्हणून दगडांचे उंच ओटे रचून नाव त्यांवर ठेवीत. नाव जमिनीपासून उचलून ठेवावी, हा धडा तेव्हापासूनचा आहे. साखरेचे पोते गोदामाच्या ओल्या फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचणाऱ्या व्यापाऱ्याला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

साठवणीची साधने घरीच सिद्ध होऊ शकतात. सुताराकडून लाकडाच्या दोन घोड्या करून घ्याव्यात. प्रत्येक घोडीच्या दोन खांबांमध्ये खाटेची रुंद नवार झोळीसारखी सैल बांधावी आणि नाव त्या झोळ्यांत ठेवावी. झोळ्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर याव्यात. तीन मीटरच्या नावेला हे अंतर पाऊण मीटर भरते. सुती नवार दमट हवेत कुजते, म्हणून ती अधूनमधून तपासावी. झोळी शक्य नसेल तर नाव पालथी घालून, काठांखाली जुन्या सतरंजीच्या जाड घड्या द्याव्यात. टोकांच्या मुठींना दोर बांधून ती आढ्याला कधीही टांगू नये. मधला भाग स्वतःच्याच वजनाने झोळतो.

ठेवण्यापूर्वी नाव गोड्या पाण्याने धुऊन आतून पूर्ण कोरडी करावी. साठवणीच्या कप्प्यांची झाकणे किंचित किलकिली ठेवावीत, म्हणजे आत कुबट ओल धरत नाही. मात्र उंदीर शिरू नये म्हणून त्या फटीवर बारीक जाळी बांधावी. जुन्या चादरी शिवून केलेली खोळ धूळ अडवते आणि हवाही खेळू देते. ताडपत्री घालायचीच असेल तर ती बांबूच्या कमानीवर, नावेपासून वीतभर वर ताणावी. एवढे करूनही खळगा पडलाच, तर घाबरण्याचे कारण नाही. मंद उन्हात किंवा गरम पाण्याच्या शेकाने तो पुष्कळदा भरून येतो. ज्योत मात्र जवळ आणू नये.

वाहतुकीत प्रश्न केवळ नावेचा राहत नाही. मोटारीच्या टपावर नाव न्यायची असल्यास वातानुकूलन यंत्राच्या नळीवर चढवतात ते काळे फोम किंवा पोहायला शिकणारी मुले धरतात त्या फोमच्या नळ्या टपावरील आडव्या दांड्यांवर चढवाव्यात. नावेला उत्तम गादी मिळते. टेम्पोतून नेताना हौद झाडून खिळे-खडे काढावेत आणि दोन नावांच्या मध्ये गोणपाट घालावे.

परंतु घरगुती उपायांची मर्यादा येथेच संपते. गादी घरची चालते. बंधन घरचे चालत नाही. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणतात, नायलॉनची दोरी भिजल्यावर सैल पडते आणि वीस-पंचवीस किलोंची नाव वाऱ्याच्या झोतात उचलली जाते. म्हणून बकलाचे रुंद पॉलिएस्टर पट्टे विकतच घ्यावेत, तेही दोन. शिवाय पुढचे व मागचे टोक स्वतंत्र दोरांनी गाडीला बांधावे. पट्टे घट्ट असावेत, पण तळ दबेल इतके नव्हेत. टप किती वजन पेलते हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे आणि त्यात दांड्यांचे वजनही धरावे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अनुज्ञेय मर्यादेपलीकडे पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीत जाणाऱ्या मालासाठी २०,००० रुपये दंड आहे. पट्ट्यांवर वाचवलेले काही शे रुपये या रकमेपुढे नगण्य ठरतात, आणि दंड हे सर्वांत मोठे नुकसानही नव्हे.

आठ-दहा किलोमीटर गेल्यावर गाडी थांबवून पट्टे हाताने पुन्हा ताणून पाहावेत. या दोन मिनिटांची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही; मागून दुचाकीवर येणाऱ्या अनोळखी कुटुंबाची सुरक्षितता मात्र त्यांवरच अवलंबून असते.