युद्ध संपले, रेशनकार्ड उरले

(१/८) खाडी ओलांडून नायगावात बिऱ्हाड थाटलेल्या अनेक कुटुंबांच्या कपाटात दोन जुने कागद असतात: शिधापत्रिका आणि मुंबईतल्या वडिलोपार्जित खोलीची भाडेपावती. दोन्हींचे मूळ एकच, दुसरे महायुद्ध.

(२/८) १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथून येणारा तांदूळ थांबला. २ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. घरोघरची माणसे मोजली गेली, कार्डे वाटली गेली, दुकाने नेमून दिली गेली. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली.

(३/८) दुसरा कागद भाड्याचा. युद्धारंभीच, १९३९ साली, मुंबई प्रांतात भाडेनियंत्रण आले. पुढे १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण ठरवले.

(४/८) तात्पुरते म्हणून आलेले कायम होणे ही काही आपलीच खासियत नव्हे. ताइपिंग बंडाशी लढताना पैसा हवा म्हणून चीनमध्ये १८५३ साली मालाच्या वाहतुकीवर व विक्रीवर ‘लीजिन’ हा कर बसला. बंड १८६४ मध्ये मोडले. कर उठला १९३१ मध्ये.

(५/८) आपल्याकडे १९४६ च्या अत्यावश्यक पुरवठा कायद्याच्या नावातच ‘तात्पुरते अधिकार’ हे शब्द होते. त्याची जागा १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याने घेतली. तो आजही लागू आहे.

(६/८) मग कायम होणे हाच दोष मानायचा का? मला तसे वाटत नाही. रेशनव्यवस्थेत गळती झाली, काळाबाजार झाला. पण तिचे निकष बदलत गेले आणि २०१३ साली अन्नसुरक्षा हा कायदेशीर हक्क झाला. संकटातली सोय नागरिकाचा अधिकार बनली.

(७/८) भाड्याचे उलट झाले. भाडेकरूला संरक्षण हवेच होते, पण आकडा गोठला. डागडुजी परवडेना, पागडी रुजली, भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे आटले. चाकरमानी खाडीपार गेला, त्याचे हे एकमेव कारण नव्हे. पण एक कारण नक्कीच. गोठवलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले. नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तोवर दोन पिढ्या सरल्या होत्या.

(८/८) युद्धात राज्यसंस्था फुगते आणि शांततेत सहसा आटत नाही. म्हणून संकटकाळी सरकारला अधिकार जरूर द्यावेत. मात्र ते पुन्हा तपासण्याची तारीख त्याच कायद्यात लिहून घ्यावी. ती नसली की भुर्दंड कोणाला पडतो, हे नायगावच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्याला ठाऊक आहे.