यंत्राचे डोळे आणि कामगाराची नजर

इलेक्ट्रॉनिक उद्योगाची वाढ हा गेल्या काही वर्षांत सरकारी प्रचाराचा आवडता विषय झाला आहे. १ एप्रिल २०२० रोजी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना अधिसूचित झाली आणि मोबाईल फोन बनवणाऱ्या कंपन्यांना वाढीव विक्रीच्या ४ ते ६ टक्के रक्कम सार्वजनिक तिजोरीतून देण्याचे ठरले. मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या निर्मितीसाठी २२,९१९ कोटी रुपयांची आणखी एक योजना मंत्रिमंडळाने मंजूर केली. या योजनांच्या जाहिरातींबरोबर एक चित्र ठरलेले असते : शुभ्र दालन, ओळीने मांडलेली यंत्रे आणि त्यांच्यामध्ये तुरळक माणसे. यंत्र आता स्वतः पाहते, स्वतः ओळखते आणि स्वतः जोडते, माणसाने फक्त बटण दाबायचे, असा या चित्राचा अर्थ लावला जातो. त्यातून दोन निष्कर्ष हळूच पुढे सरकवले जातात. पहिला, या उद्योगातील कामगार अकुशल आहे, म्हणून त्याचे वेतन कमी असणे स्वाभाविक आहे. दुसरा, तो केव्हाही बदलता येण्याजोगा आहे, म्हणून त्याला कायम नोकरी देण्याचे कारण नाही. हे निष्कर्ष खरे की खोटे, याचा निवाडा भाषणांवरून होणार नाही. तो यंत्राच्या कामावरूनच केला पाहिजे.

यंत्र काय पाहते?

सर्किट बोर्डाच्या आधुनिक जोडणीचा क्रम साधा आहे. कोऱ्या बोर्डावर स्टेन्सिलमधून सोल्डरची लापशी छापली जाते. मग ‘पिक अँड प्लेस’ यंत्र फितीच्या रिळांमधून एकेक सुटा भाग नॉझलच्या हवेच्या ओढीने उचलते आणि नेमून दिलेल्या जागी ठेवते. त्यानंतर बोर्ड भट्टीतून जातो, सुमारे २४० ते २५० अंश सेल्सिअसला सोल्डर वितळतो आणि भाग पक्के होतात. मोठ्या कारखान्यांतील यंत्रे तासाला हजारोंच्या हजारो भाग बसवतात. हे भाग किती लहान असतात? पूर्वी सर्रास वापरला जाणारा एक प्रकार १ मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असे. आता ०.४ मिलिमीटर लांब आणि ०.२ मिलिमीटर रुंद असे भागही वापरात आहेत. असा कण बोटाच्या पेरावर ठेवला तर धुळीपासून वेगळा ओळखणे कठीण.

नॉझलने उचललेला भाग कधीच नेमका सरळ नसतो. तो थोडा सरकलेला आणि थोडा फिरलेला असतो. म्हणून यंत्राला डोळे दिलेले आहेत. एक कॅमेरा वरून बोर्डावरील तांब्याच्या खुणा पाहतो आणि बोर्ड कोठे व किती तिरपा आहे ते ठरवतो. दुसरा कॅमेरा उचललेला भाग खालून पाहतो, त्याच्या कडा शोधतो, मध्यबिंदू आणि कोन काढतो. तेवढी दुरुस्ती करून यंत्र भाग ठेवते. अपेक्षित आकृती दिसली नाही, तर भाग नाकारून टाकाऊ डब्यात सोडते. यंत्राचे ‘ओळखणे’ म्हणतात ते एवढेच. ठरवून दिलेल्या आकृतीशी समोरची आकृती जुळते की नाही, एवढाच प्रश्न यंत्र विचारते. आकृती ठरवून देणारा मात्र कोणीतरी माणूस असतो.

पाहायला शिकवतो कोण?

नवा भाग लाईनवर आला की त्याची नोंद यंत्राच्या संग्रहात करावी लागते. लांबी, रुंदी, जाडी, पायांची संख्या आणि त्यांमधील अंतर ही मापे उत्पादकाच्या तक्त्यात छापलेली असतात. परंतु छापील माप आणि हातातील भाग यांत फरक असतो, आणि एका उत्पादकाचा भाग दुसऱ्याच्या भागाशी तंतोतंत जुळत नाही. नावांतही सापळे आहेत. ‘०४०२’ हे नाव इंचाच्या पद्धतीत १ मिलिमीटर लांबीच्या भागाचे असते, तर मेट्रिक पद्धतीत तेच नाव ०.४ मिलिमीटरच्या भागाला दिलेले असते. ज्याला हे ठाऊक नाही तो एकच शब्द टाइप करून संपूर्ण लाईन चुकीच्या आकृतीवर चालवू शकतो.

त्यापुढे प्रकाशाचा प्रश्न येतो. भागाच्या टोकांचा धातू चमकतो, मधला देह काळा किंवा पांढरट असतो. समोरून जास्त उजेड टाकला तर टोके डोळे दिपवतात आणि कडा पसरतात, कमी टाकला तर देह पार्श्वभूमीत विरून जातो. ज्या चिपच्या पोटाखाली पायांऐवजी सोल्डरचे गोळे असतात, तिच्यावर बाजूने अगदी कमी कोनातून उजेड टाकावा लागतो, तेव्हा कोठे प्रत्येक गोळा स्वतंत्र वर्तुळ म्हणून उमटतो. नॉझलचे टोक झिजून चकाकू लागले, तर कॅमेरा त्यालाच भागाची कड समजतो. काळ्या-पांढऱ्यामधील नेमक्या कोणत्या छटेपासून ‘भाग’ सुरू झाला असे मानायचे, हा उंबरठाही माणसानेच ठरवायचा असतो.

सर्वांत नाजूक निर्णय सवलतीचा असतो. मापातील फरक किती चालवून घ्यायचा? पट्टा फार आवळला तर चांगले भाग डब्यात जातात आणि माल वाया जातो. फार सैल सोडला तर तिरपे, उलटे पडलेले भाग बोर्डावर जातात आणि भट्टीत एका टोकावर थडग्याच्या दगडासारखे उभे राहतात. हा तोल कोणत्याही पुस्तकात तयार मिळत नाही. शिफ्टमागून शिफ्ट यंत्राजवळ उभे राहून, डब्यातील नाकारलेले भाग भिंगाखाली पाहून, उजेड आणि उंबरठा एकेक पायरीने बदलून तो सापडतो. हे कुशल श्रम आहेत. मात्र पगाराच्या पत्रकावर ते अनेकदा ‘ऑपरेटर’ किंवा ‘शिकाऊ’ या एका शब्दाखाली गाडले जातात.

यंत्राला जे दिसत नाही

प्रचारातील सर्वज्ञ यंत्राला काय दिसत नाही, हे त्याहून बोधप्रद आहे. सिरॅमिक चिप कपॅसिटरवर काहीही छापलेले नसते. एका मापाचे, पण दहापटीने वेगळ्या क्षमतेचे दोन कपॅसिटर खालच्या कॅमेऱ्याला सारखेच दिसतात. रीळ चुकीच्या फीडरमध्ये चढले, तर यंत्र तो चुकीचा भाग अत्यंत अचूकपणे, हजारो बोर्डांवर, न थांबता बसवत राहील. डायोड किंवा टँटलम कपॅसिटर यांची ध्रुवखूण बहुधा वरच्या बाजूला असते आणि कॅमेरा पाहतो खालून. फितीतील भागाची दिशा कामगाराने नीट नोंदवली नाही, तर टँटलम कपॅसिटर उलटा बसतो, आणि उलटा जोडलेला टँटलम कपॅसिटर जळू शकतो. म्हणूनच रीळ बदलताना बारकोड तपासणे, मापकाने मूल्य पाहणे, पहिला बोर्ड डोळ्यांखालून घालणे ही कामे आजही करावी लागतात. यंत्र आकार पाहते; अर्थ माणूस पाहतो.

पुढे तपासणीचे यंत्र येते. तेही कॅमेऱ्यानेच पाहते, आणि धोका नको म्हणून ते चांगल्या जोडांवरही बोट ठेवते. मग पडद्यासमोर बसून ‘खरा दोष’ आणि ‘खोटा इशारा’ वेगळे करण्याचे काम कामगाराकडे येते. या कामावर मोठ्या संख्येने तरुण मुली असतात. संपूर्ण शिफ्टभर, प्रत्येक चित्रामागे काही क्षण. यंत्राला डोळे मिळाले; त्या डोळ्यांच्या चुका निस्तरण्यात माणसाचे डोळे शिणत आहेत.

दोष कोणाच्या माथी?

पिळवणुकीचा एक नवा प्रकार येथूनच उगम पावतो. मालकाने खरेदीत बचत करण्यासाठी स्वस्त पुरवठादार धरला की भागांच्या टोकांची चकाकी बदलते, मापे किंचित हलतात आणि नाकारलेल्या भागांचा डबा भरू लागतो. आकडा पडद्यावर उमटतो. त्याच्याशेजारी ऑपरेटरचा क्रमांक असतो. खरेदी करणाऱ्याचा नसतो. देखभाल पुढे ढकलणाऱ्याचा नसतो. यंत्र निष्पक्ष आहे असे सांगितले जाते, पण त्याचा आकडा वाचणारी व्यवस्था निष्पक्ष नाही. यंत्र श्रम हलके करू शकते, पण भांडवलाच्या हाती तेच कामाचा ताण वाढवण्याचे साधन होते, हे कार्ल मार्क्स यांनी १८६७ साली ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात सुतगिरण्यांच्या संदर्भात दाखवून दिले होते. सूत गेले आणि सिलिकॉन आले, तरी हा संबंध बदललेला नाही.

ज्ञानाची मालकी

दुसरा प्रश्न राष्ट्रीय स्वावलंबनाचा आहे. अशी यंत्रे मुख्यतः जपान, युरोप, चीन आणि दक्षिण कोरिया येथून येतात. त्यांच्या फायलींची रचना, प्रकाशाचे कोष्टक, आकृती जुळवण्याची रीत ही सारी कंपनीची खाजगी मालमत्ता असते. भारतीय कामगार आणि तंत्रज्ञ वर्षानुवर्षे खपून हजारो भागांचा संग्रह तयार करतात, पण यंत्राची जात बदलली की त्यातील फार थोडे बरोबर नेता येते. श्रम येथले, कुलूप परदेशी.

हे अपरिहार्य नाही. ‘ओपनपीएनपी’ या नावाची खुली आज्ञावली जगभरच्या तंत्रज्ञांनी सहकार्याने उभी केली आहे. तिचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो आणि बदलता येतो. चित्रातील कडा शोधण्यासाठी ती ‘ओपनसीव्ही’ या खुल्या संग्रहाचा उपयोग करते. ती मोठ्या कारखान्यांच्या वेगाशी स्पर्धा करीत नाही, हे खरे. परंतु यंत्राच्या दृष्टीत गूढ काही नाही, ती शिकता आणि शिकवता येते, एवढे तिने सिद्ध केले आहे. ज्या देशात १९४८ साली आयटीआय, १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स, १९६७ साली ईसीआयएल आणि १९७३ साली केरळात केल्ट्रॉन उभे राहिले, त्या देशाला ही विद्या सार्वजनिक क्षेत्रात, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि मातृभाषेत नेणे अशक्य नाही. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या कंपन्यांनी तयार केलेला भागांचा संग्रह खुल्या स्वरूपात सार्वजनिक झाला पाहिजे, ही मागणी सर्वस्वी न्याय्य आहे.

कामगार चळवळीची भूमिका

यंत्राला विरोध की यंत्राचे स्वागत, हा वाद या देशात नवा नाही. साठीच्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला. स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी सरकारने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चळवळीचा मूळ आक्षेप यंत्रावर नव्हता. यंत्राचा लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा तिचा प्रश्न होता. तो आजही तसाच उभा आहे. १९७३ साली मुंबईत सांताक्रूझ येथे निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे खास क्षेत्र उभारले गेले, तेव्हाही तरुण स्त्रियांची ‘चपळ बोटे’ स्वस्तात मिळतात हेच आकर्षण होते. आता बोटांऐवजी नजर विकत घेतली जाते, एवढाच फरक.

तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर पट्ट्याने या उद्योगाचे खरे रूप दाखवले आहे. डिसेंबर २०२१ मध्ये फॉक्सकॉनच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलींना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली, शंभराहून अधिक जणींना रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यांच्या सहकारी रस्त्यावर उतरल्या. एप्रिल २०२३ मध्ये त्याच राज्यात १२ तासांच्या दिवसाला वाट मोकळी करणारे विधेयक संमत झाले. संघटनांच्या विरोधापुढे ते मागे घ्यावे लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये सॅमसंगच्या कामगारांनी मुख्यतः संघटनेच्या मान्यतेसाठी महिन्याहून अधिक काळ संप केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या संघटनेची नोंदणी झाली. अत्याधुनिक कारखान्यातही हक्क जुन्याच मार्गाने, एकजुटीने मिळतात, हा त्याचा धडा आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. यंत्राला भाग ओळखायला शिकवणे हे कुशल काम मानून त्याला त्या श्रेणीचे वेतन मिळावे. हे शिक्षण काही निवडक इंजिनियरांपुरते न ठेवता लाईनवरील स्त्री-पुरुष कामगारांना कामाच्या वेळात, पूर्ण पगारावर, त्यांच्या भाषेत द्यावे. नाकारलेल्या भागांच्या आकड्यावरून वेतनकपात किंवा शिक्षा होऊ नये. कारणाची चौकशी कामगार प्रतिनिधींसह व्हावी. पडद्यावरील तपासणीच्या कामात ठरावीक विश्रांती आणि मालकाच्या खर्चाने नेत्रतपासणी असावी. सरकारी प्रोत्साहन घेणाऱ्या प्रत्येक कंपनीवर कायम नोकरी आणि संघटनेची मान्यता यांची अट असावी.

‘यंत्रच सारे करते’ हे वाक्य तंत्रज्ञानाचे वर्णन म्हणून चुकीचे आहे. ते वेतनकपातीचे समर्थन म्हणून रचलेले आहे. ते खोडून काढण्याचे साधन कामगाराच्या स्वतःच्या अनुभवात आहे. कारखान्याच्या दारातील प्रत्येक सभेत, प्रत्येक अभ्यासवर्गात त्या अनुभवाला शब्द मिळाले पाहिजेत. ज्याने यंत्राला पाहायला शिकवले, त्याला स्वतःच्या श्रमाचे मोल दिसू लागले की त्या मोलासाठी लढण्याची तयारीही होते.