पत्ता नको, नाव सांगा

नांदेडात कुणाही ऑटोवाल्याला नुसतं "विष्णुपुरी" म्हणून बघा. तो उलट विचारेल, "सरकारी दवाखाना, इंजिनिअरिंग कॉलेज, विद्यापीठ का धरण?" तुम्ही एक शब्द सांगायचा, तो बरोबर दारात नेऊन सोडतो. प्लॉट नंबर, सर्व्हे नंबर कुणी विचारत नाही. उद्या दवाखान्याचं गेट पलीकडच्या बाजूला गेलं तरी तुमचं वाक्य तेच राहणार. बदल कळायचा तो ऑटोवाल्याला.

जावातल्या 'जेएनडीआय'चं, म्हणजे जावा नेमिंग अँड डिरेक्टरी इंटरफेसचं, सगळं तत्त्वज्ञान एवढंच आहे. प्रोग्रॅमने नाव सांगायचं, त्या नावामागे काय आहे ते सर्व्हरने बघायचं. आजचा लेख त्यावर आहे, कारण पंचवीस वर्षं जुनी ही साधी गोष्ट आपल्याकडे अजूनही नीट शिकवली जात नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे काय शिकवतात? विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरू गोबिंदसिंघजी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. मी या दोघांपैकी कुणा एकाविषयी बोलत नाहीये, महाराष्ट्रातली कुठलीही लॅब घ्या. जेडीबीसीचं प्रॅक्टिकल म्हणजे ड्रायव्हर मॅनेजर, त्यापुढे लोकलहोस्ट, पोर्ट ३३०६, युजर रूट आणि पासवर्डच्या जागी दोन अवतरणचिन्हं, मध्ये काहीच नाही. पहिल्या दिवशी ठीक आहे हो, कनेक्शन म्हणजे काय ते तरी कळतं. पण शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्येही तेच, आणि मग तोच मुलगा पुण्याला जाऊन किंवा गावातच राहून एखाद्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर लिहितो तेव्हाही तेच. आता त्या दोन अवतरणांच्या मध्ये खरा पासवर्ड असतो एवढाच फरक. तो पासवर्ड वॉर फाईलमधून पेनड्राइव्हवर जातो, ईमेलने जातो, गिटवर जातो. पतसंस्थेत पैसे कुणाचे असतात? हातगाडीवाल्याचे आणि निवृत्त गुरुजींचे. म्हणून हा विषय मला नुसता 'क्लीन कोड'चा वाटत नाही.

बरं, मग करायचं काय? वेब डॉट एक्सएमएलमध्ये 'रिसोर्स-रेफ' लिहून सांगायचं की या अॅप्लिकेशनला एक डेटासोर्स लागतो, त्याचं नाव अमुक. कोडमध्ये 'जावा:कॉम्प/एन्व्ह' या शाखेखाली तेच नाव लुकअप करायचं. आणि खरा पत्ता, युजर, पासवर्ड, किती कनेक्शन ठेवायची, हे सगळं टॉमकॅटच्या बाजूला. ही शाखा प्रत्येक अॅप्लिकेशनची वेगळी असते, त्यामुळे एकाच सर्व्हरवरच्या दोन अॅप्लिकेशननी एकच नाव वापरलं तरी भांडण होत नाही. आणि मोठा फायदा असा की टेस्ट सर्व्हरवर तपासलेली वॉर फाईल जशीच्या तशी, परत बिल्ड न करता, खऱ्या सर्व्हरवर चढवता येते. जे तपासलं तेच चाललं. याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

आता इथे बरेच जण एक गंमत करतात. जेएनडीआय वापरतात, पण काँटेक्स्ट डॉट एक्सएमएल ठेवतात वॉरच्या आत, मेटा-इन्फ फोल्डरमध्ये. म्हणजे कुलूप लावलं आणि किल्ली कुलपालाच बांधून ठेवली! ही फाईल सर्व्हरवर, कॉन्फच्या खाली कॅटालिना, त्याखाली लोकलहोस्ट, तिथे अॅप्लिकेशनच्या नावाने ठेवायची. तिथली फाईल असेल तर टॉमकॅट वॉरच्या आतलीकडे बघतच नाही. पासवर्ड तिथेही साध्या अक्षरांतच असतो, मान्य. पण ती फाईल सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या ताब्यात असते, वाचण्याचे हक्क आवळता येतात, आणि पासवर्ड बदलायला प्रोग्रॅमरला फोन करावा लागत नाही. आणि हो, डेटाबेस ड्रायव्हरची जार टॉमकॅटच्या लिबमध्ये टाका. कनेक्शनचा पूल सर्व्हर तयार करतो, तुमचं अॅप्लिकेशन नाही.

जेएनडीआय त्रासदायक नाही असं मी म्हणणार नाही. नावात एक अक्षर चुकलं की 'नेम नॉट फाउंड', आणि नाव आहे पण त्यामागे रिसोर्सच लिहिलेला नाही, तर 'कनेक्ट यूआरएल नल' असा तो प्रसिद्ध निरोप. त्याहून वाईट म्हणजे जे मोठ्याने ओरडत नाही ते. टॉमकॅट ७ मध्ये पूलची मर्यादा 'मॅक्सअॅक्टिव्ह' या नावाने लिहीत. टॉमकॅट ८ पासून ती 'मॅक्सटोटल' झाली. जुनं नाव तसंच राहिलं तर लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते आणि मर्यादा मुकाट्याने ८ वर येते. फक्त आठ कनेक्शन! एरवी कुणाला कळतही नाही. निकालाच्या दिवशी पोरं तुटून पडली की कळतं, आणि मग सगळे नेटवर्कवाल्याला शिव्या घालतात.

नावं बदलतात हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. नावांच्या बाजूने-विरुद्ध लोकांनी काय बोलायचं ते बोलले, पण ज्या प्रोग्रॅममध्ये 'जिल्हा बरोबर औरंगाबाद असेल तर' अशा अटी कोडमध्ये लिहिलेल्या होत्या, त्यांचं काय झालं असेल कल्पना करा. भारत सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला कोड दिलेला असतो तो याचसाठी. माणसांसाठी नाव, मशीनसाठी कोड, आणि दोघांची गाठ एकाच ठिकाणी. जावावाल्यांनीही हे भोगलंय. जकार्ता ईई ९ मध्ये, २०२० साली, 'जावाएक्स'चं 'जकार्ता' झालं आणि टॉमकॅट १० पासून ते लागू झालं. लोकांनी डोळे मिटून फाइंड-रिप्लेस मारलं आणि 'जावाएक्स डॉट नेमिंग'सुद्धा बदलून टाकलं. ते मात्र जेडीकेचा भाग आहे, ते आजही 'जावाएक्स'च आहे!

आता तुम्ही म्हणाल, लॉग४शेलचं काय? डिसेंबर २०२१ मध्ये याच जेएनडीआयने जगाची झोप उडवली होती ना? उडवली होती. लॉग४जे २ मध्ये २०१३ साली एक सोय घातली गेली, की लॉगच्या मजकुरात जेएनडीआयचं नाव आलं तर तेही लुकअप करायचं. म्हणजे बाहेरच्या कुणीही लॉगिनच्या चौकटीत स्वतःच्या एलडॅप सर्व्हरचा पत्ता टाइप करावा, तो लॉगमध्ये जावा, आणि आपल्या सर्व्हरने इमानदारीत तिकडे जाऊन तिथला कोड आणून चालवावा. धोक्याच्या मापावर त्याला १० पैकी १० मिळाले. पण दोष नावाने शोधण्याचा नव्हता. नाव कोण सांगतंय हे न बघण्याचा होता. लुकअपला 'जावा:'ने सुरू होणारं नाव चालतं तसं 'एलडॅप:' आणि 'आरएमआय:'ही चालतं, म्हणूनच नाव नेहमी आपलं, आपल्या कोडमध्ये लिहिलेलं हवं. वापरणाऱ्याने टाइप केलेलं एक अक्षरही लुकअपमध्ये जाता कामा नये. घरातल्या पोराने "काकाकडून डबा आण" म्हटलं तर आपण जातो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने पत्ता दिला आणि "तिथून पुडकं आणून घरात उघड" म्हटलं, तर जातो का?

हल्ली स्प्रिंग बूटमध्ये टॉमकॅट अॅप्लिकेशनच्या पोटातच असतो, कंटेनर आलेत, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहेत. एकच अॅप्लिकेशन एकटंच चालत असेल तर तेच वापरा, माझी काही हरकत नाही. पण एका टॉमकॅटवर चार अॅप्लिकेशन आहेत आणि सर्व्हर सांभाळणारा माणूस वेगळा आहे, अशा ठिकाणी, आणि आपल्या कॉलेजांत, बँकांत, सरकारी कचेऱ्यांत अशी ठिकाणं भरपूर आहेत, जेएनडीआय अजूनही सगळ्यात सरळ रस्ता आहे. मुद्दा साधनाचा नाहीच. पत्ता वॉरच्या बाहेर हवा, हा मुद्दा आहे.

म्हणून शिकवणाऱ्यांना एकच विनंती. जेडीबीसीचं प्रॅक्टिकल झालं की पुढच्याच आठवड्यात तेच प्रॅक्टिकल परत घ्या, फक्त कोडमध्ये पत्ता, युजर, पासवर्ड यातलं काहीही दिसलं तर शून्य मार्क. सिलॅबस बदलायला समिती लागते, एक प्रॅक्टिकल दुसऱ्यांदा घ्यायला नाही लागत. एवढं केलं तरी विष्णुपुरीतून बाहेर पडणारं पोरगं पहिल्या नोकरीत सिनियरसमोर मान खाली घालणार नाही, आणि गुरुजींची ठेवही जरा सुरक्षित राहील.

असो. रविवार संपत आला. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर कळवा, पण त्याआधी स्वतःची वॉर फाईल एकदा उघडून आत पासवर्ड आहे का ते बघाच!