ती बँक, तो चेक, ते बिल

सांगलीच्या हळदपेठेत सहज बोलले जाते : ‘बँक उघडली, चेक वटला, बिल भागले.’ तिन्ही नामे मूळची इंग्रजी. त्या भाषेत निर्जीव वस्तूंना सामान्यतः ‘इट’ हे एकच सर्वनाम. मराठीत येताच मात्र एक स्त्रीलिंगी झाले, दुसरे पुल्लिंगी आणि तिसरे नपुंसकलिंगी.

इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती. सुमारे १००० वर्षांपूर्वी तिच्यातही तीन लिंगे होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, तर ज्यापासून आजचा ‘वाइफ’ आला तो स्त्रीवाचक शब्द चक्क नपुंसकलिंगी! पुढे नामांचे प्रत्यय झिजले आणि त्यांच्याबरोबर लिंगभेदही लोपला.

मराठीने तिन्ही लिंगे राखली. साताऱ्याचा कंदी पेढा, सांगलीची हळद, भिलवडीचे दूध. नामाच्या लिंगाप्रमाणे विशेषण व क्रियापद बदलत असल्याने परक्या शब्दालाही लिंग दिल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. कधी अर्थ साहाय्य करतो : पेढी तशी बँक, गाडी तशी बस, पुस्तक तसे बुक. कधी शेवटचा स्वर : कंपनी, फॅक्टरी, डिग्री. तरीही हुंडी स्त्रीलिंगी असून चेक पुल्लिंगीच राहिला. तेथे रूढीच प्रमाण.

संस्कृतातही लिंग केवळ तर्काने कळत नाही. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘लिंगानुशासन’ रचून या विषयाला स्वतंत्र ग्रंथाचा मान दिला.

आज ही अडचण घराघरांत दिसते. हिंदीभाषक माहेरची सून ‘दूध सांडला’ म्हणते, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही. कन्नड बोलणाऱ्या घरचा मुलगा ‘बस आले’ म्हणतो, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तू नपुंसकलिंगीच मानतात. दोघेही आपापल्या मातृभाषेचा नियम निष्ठेने पाळत असतात. इंग्रजी शाळेत शिकणारा नातूही असाच अडखळतो. अशा वेळी घरात हशा पिकला, तर सून हिंदीकडे वळते, नातू इंग्रजीकडे. आणि आजीशी मराठीत बोलणारे कोणी उरत नाही.

चूक दाखवण्याची सौम्य रीतही आहे. सून म्हणाली, ‘दूध सांडला,’ तर सासूबाईंनी एवढेच म्हणावे, ‘सांडले का? सांडू दे. दुसरे तापव.’ व्याकरणाचा धडा त्यातच आला, आणि सुनेचा मानही राहिला.