सुट्या भागांचे दप्तर

उरणच्या मोरा बंदरातून समुद्रापलीकडे मुंबईचा जो किनारा दिसतो, त्याच्या अंगाखांद्यावर हिंदुस्थानातील मोटारधंद्याच्या प्रारंभकाळाचा बराचसा इतिहास घडलेला आहे. 1928 साली जनरल मोटर्स कंपनीने शिवडी येथे सुटे भाग जोडून मोटारी उभ्या करण्याचा कारखाना घातला. 1947 साली महिंद्र कंपनीने माझगावात विलिस जीप जोडण्यास आरंभ केला. आणि सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम डॉज, प्लिमथ आणि डिसोटो, आणि पुढे फियाट 1100 ही मोटार बाहेर पडू लागली, जी 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबाची आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्याची जन्माची सोबतीण झाली. आज त्याच शिवडीहून निघालेला अटल सेतू उरण तालुक्यातील चिर्ले येथे जमिनीला टेकतो. त्याच्या पायथ्याशी न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर 1989 पासून चालू आहे, आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून येणारा मोटारींच्या सुट्या भागांचा माल कंटेनरांत भरून उरणकरांच्या दारावरून रात्रंदिवस जात-येत असतो. असे असूनही, ज्या उरणकराने वडिलांची पद्मिनी किंवा आजोबांची जीप विकून न टाकता जिव्हाळ्याने जपली आहे, त्याला त्या गाडीचा एक साधा बुश किंवा एक रबरी कप मिळविण्यासाठी गावोगाव पायपीट करावी लागते. ही टंचाई लोखंडाची नाही, कारागिरीची तर मुळीच नाही. ती नोंदीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते लोकांपुढे मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आधुनिक सुट्या भागांच्या दुकानात काय घडते ते प्रथम पाहू. गिऱ्हाईक काउंटरपाशी उभे राहून कागदात गुंडाळून आणलेला, ग्रीसने काळा पडलेला भाग पुढे ठेवते. काउंटरवरचा तरुण त्या भागाकडे क्षणभर पाहतो आणि लगेच संगणकाकडे वळून विचारतो, "काका, गाडी कुठली? साल? मॉडेल?" गाडीचे नाव सांगितले की पडद्यावर काही उमटत नाही, आणि पडद्यावर जे नाही ते जगात नाही असा निर्वाळा देऊन तो भाग अदबीने परत केला जातो. त्या तरुणाच्या हातापासून चार फुटांवर, दुसऱ्याच गाडीचे नाव छापलेल्या खोक्यात, तोच भाग पडून असण्याचा पुष्कळ संभव असतो. परंतु तो शोधण्याची किल्ली त्याच्यापाशी नसते, कारण ती त्याला कोणी दिलेलीच नाही.

दुकानदाराची बाजू न ऐकता त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. दुकान हा भांडवलाचा व्यवहार आहे. फळीवर वर्षानुवर्षे धूळ खात पडलेला माल म्हणजे अडकून पडलेला पैसा, आणि त्यावर भाडे चालूच असते. पद्मिनीचे भाग एके काळी नाक्यानाक्यावर मिळत, याचे कारण मुंबईच्या रस्त्यांवर हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी धावत होत्या आणि त्यांची झीज हेच त्या बाजाराचे अन्न होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरताच 30 ऑक्टोबर 2023 पासून ती जात मुंबईच्या रस्त्यावरून कायदेशीरपणे नाहीशी झाली. टॅक्सी गेली तशी मागणी गेली, आणि मागणीपाठोपाठ मालही गेला. उरणच्या दुकानदारांपुढे तर बंदराच्या ट्रेलरांची एवढी मोठी गरज उभी आहे की, ब्रेक लायनिंग, क्लच प्लेट आणि हवेच्या नळ्या यांनीच त्यांच्या फळ्या भरून जाव्यात, यात नवल ते कोणते!

तथापि मागणी ओसरली म्हणजे वस्तू नष्ट झाली, असे नव्हे. मोटारीचे भाग सर्व एका कुळीचे नसतात, आणि हा कुळीभेद ज्याला कळला त्याचा निम्मा शोध जागच्या जागी संपतो. पहिली कुळी प्रमाणित वस्तूंची. एखादे बेअरिंग हातात घेऊन चिंधीने पुसले की त्याच्या कडेवर 6205 असा आकडा कोरलेला दिसतो. त्यातील शेवटच्या 05 या अंकांना पाचाने गुणले की आतले भोक 25 मिलिमीटरचे असल्याचे कळते. बाहेरचा व्यास 52 आणि जाडी 15 मिलिमीटर ही मापे त्या आकड्याला जगभर बांधलेली आहेत. ते बेअरिंग मोटारीत बसते की विजेच्या पंपात, याच्याशी त्याला काहीही कर्तव्य नसते. ऑइल सीलवर तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ही तिन्ही मापे बहुधा उघडउघड उमटवलेली असतात. पट्टा, बल्ब, स्पार्क प्लग हीसुद्धा मापांनी ओळखली जाणारी प्रजा आहे. अशा भागासाठी दुकानात जाऊन गाडीचे नाव सांगणे हीच चूक. तेथे आकडा सांगावा आणि माप सांगावे, म्हणजे जो काउंटर मघाशी मुका होता तोच बोलू लागतो.

दुसरी कुळी वाटून घेतलेल्या भागांची, म्हणजे एका कारखान्याने अनेक गाड्यांना पुरविलेल्या वस्तूंची. जीपच्या वंशाची परंपरा महिंद्र कंपनीने दीर्घ काळ अखंड चालविल्यामुळे जुन्या जीपचे पुष्कळ भाग तिच्या वारसांच्या भागांशी जुळतात, आणि म्हणूनच जीपवाला पद्मिनीवाल्यापेक्षा भाग्यवान ठरतो. तिसरी कुळी घडवून घेता येणाऱ्या भागांची. किंगपिनचा गनमेटलचा बुश लेथवर कातून त्यावर रीमर मारणे, कमानीचा तुटलेला पाटा भट्टीत घालून नवा बसविणे, बुचाच्या किंवा कागदाच्या ताज्या तक्त्यातून पॅकिंग कापणे, ही कामे रायगड जिल्ह्यातील मेस्त्री आजही उत्तम करतात. बंदरावरील ट्रेलर आणि करंजाच्या मच्छीमारांची यांत्रिक होडकी यांनी या भागात लेथ आणि वेल्डिंग जिवंत ठेवले आहे. जुन्या मोटारीच्या मालकाने त्या विद्येपाशी नम्रपणे जावे, इतकेच.

मात्र येथेही नोंदीवाचून गाडे अडते. जुन्या इंग्रजी बनावटीच्या मोटारींचे आटे व्हिटवर्थ पद्धतीचे, अमेरिकी जीपचे निराळे, आणि इटालियन वंशाच्या फियाटचे मिलिमीटरांतले. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टावर एका इंचात बारा आटे असतात, तर त्याच जाडीच्या अमेरिकी जाड आट्याच्या बोल्टावर तेरा. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पाना लावून जोराने पिळला की पहिले दोन-तीन फेरे सुखाने बसतात, आणि मग सत्तर वर्षे टिकलेला मूळ आटा एका क्षणात खरवडून जातो. आटा मोजण्याची साधी कंगव्यासारखी पट्टी दुकानात असती, तर हा अनर्थ टळला असता.

चौथी कुळी अशी की, जिच्या बाबतीत कसलीही तडजोड मी मान्य करणार नाही. ब्रेकचे मास्टर सिलिंडर, चाकाचे सिलिंडर, त्यांतले रबरी कप, आणि स्टिअरिंगचे सांधे हे भाग अंदाजाने घडवू नयेत, नकली घेऊ नयेत, आणि दुसऱ्या गाडीचे ठोकून बसवू नयेत. गाडीवरचे प्रेम रस्त्यावरच्या परक्या माणसाच्या जिवावर उठता कामा नये. याच वर्गात आता इंधनाच्या नळ्यांचाही समावेश करावा लागेल. फेब्रुवारी 2023 पासून वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल विक्रीस येऊ लागले आणि त्यानंतर ते सर्वत्र पसरले; हे मिश्रण जुन्या जातीचे रबर, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरातील काही भाग यांना मानवत नाही. इथेनॉलला टिकणारी नळी आधुनिक दुकानात सहज मिळते. जुन्या मोटारीच्या मालकाने ती आजच्या आज बदलून घ्यावी. नवे दुकान जुन्या गाडीच्या उपयोगी पडते ते असे. आणि आपल्या किनाऱ्यावर तर मिठागरांवरून येणारी खारी हवा पत्रा, क्रोम आणि विजेची जोडणी यांना अहोरात्र खात असल्यामुळे, पुण्यातल्या गाडीला जो भाग दहा वर्षे पुरेल तो उरणात त्याआधीच झिजणार, हे गृहीत धरूनच चालावे लागते.

आता सरकारच्या धोरणाकडे वळू. 2021 च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम जारी केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना स्वतंत्र क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस 20,000 रुपये आणि दहा वर्षांनंतरच्या नूतनीकरणास 5,000 रुपये शुल्क आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. वारसा म्हणून मोटारीला कायद्याने स्थान दिले ही गोष्ट स्तुत्यच आहे. परंतु ज्या कायद्याने मूळ स्वरूपाचा आग्रह धरला, त्याने मूळ भाग कोठून आणावेत याविषयी मौन धारण केले आहे. शिवाय पंधरा आणि पन्नास वर्षांच्या दरम्यान एक विस्तीर्ण निर्जन प्रदेश उरतो. 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क 600 रुपयांवरून 5,000 रुपये झाले, आणि भंगार धोरणाचा सारा ओघ अशी गाडी मोडीत काढण्याकडे आहे. 1985 सालची पद्मिनी आज ना नवी आहे ना व्हिंटेज. तिला पन्नाशी गाठता यावी अशी इच्छा असेल, तर या मधल्या काळातच तिला सुटे भाग मिळाले पाहिजेत. जी गाडी आज मोडीत निघाली ती उद्या वारसा म्हणून कशी मिरवणार?

जुन्या गाड्या धूर ओकतात, सुरक्षिततेची आधुनिक साधने त्यांत नाहीत, आणि त्यांचे लाड हा सुखवस्तूंचा छंद आहे, असा आक्षेप घेतला जातो. पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे आणि ते मी नाकारीत नाही. रोजच्या दळणवळणासाठी पद्मिनी वापरावी, असा माझा आग्रह मुळीच नाही. 12 जानेवारी 2024 पासून उरणपर्यंत रेल्वे आली आहे आणि नोकरदाराने तिनेच जावे. परंतु वर्षातून मोजके मैल चालणाऱ्या गाडीचा धूर वेळेवर मिळालेल्या पॉइंट-कंडेन्सरने आणि साफ केलेल्या जेटने पुष्कळ कमी होतो. म्हणजे भाग मिळणे हाच प्रदूषणावरील एक उपाय आहे. आणि छंदाच्या आक्षेपाविषयी एवढेच म्हणेन की, या किनाऱ्यावर जपलेल्या बहुतेक गाड्या संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस नाहीत. त्या शिक्षकांच्या, डॉक्टरांच्या, मिठाच्या आणि भाताच्या व्यापाऱ्यांच्या गाड्या आहेत, आणि मराठी मध्यमवर्गाच्या स्वावलंबनाचा तो ऐवज आहे.

मग करावे काय? इंग्लंडात 1975 साली स्थापन झालेल्या ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुन्या कारखान्यांचे मूळ साचे शोधून जपले आणि 1988 पासून एमजीबी या मोटारीचे संपूर्ण सांगाडे त्यांतून नव्याने काढून दाखविले. आपल्याकडे एवढे भव्य काही तूर्त होणार नाही. परंतु दप्तर ठेवणे ही विद्या तर मराठी मुलखाला नवी नाही. गावच्या जमिनीचा गुंठागुंठा ज्यांनी मोजून सात-बारावर चढविला, त्यांना पद्मिनीच्या पाचपन्नास भागांची मापे कागदावर उतरविणे अशक्य असेल, असे मला वाटत नाही. जिल्ह्यातील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी दरवर्षी एक जुनी गाडी विद्यार्थ्यांपुढे उघडावी. तिचा प्रत्येक झिजणारा भाग मोजून, धातूची जात, आट्याची पद्धत आणि जुळणाऱ्या आधुनिक भागाचा क्रमांक यांसह त्याचे रेखाचित्र काढावे, आणि त्या दप्तराची नक्कल मागेल त्याला मिळावी. विद्यार्थ्याला मोजमापाचे शिक्षण मिळेल आणि लेथवाल्याला काम मिळेल.

दुकानदारांना माझी विनंती अशी की, जुन्या कंपन्यांची पिवळी पडलेली सूचीपुस्तके रद्दीत घालू नयेत. आणि फळीवरचा खोका न पाहता भाग ओळखणारा जो वयोवृद्ध कामगार अजून दुकानात येतो, त्याच्याजवळ एखाद्या तरुणाला वही घेऊन बसवावे. तो कामगार निवृत्त होईल त्या दिवशी दुकानातील सर्वांत मौल्यवान साठा दाराबाहेर जातो, आणि त्याची नोंद कोणत्याही हिशेबात होत नाही. मोडीत काढण्याच्या केंद्रांवर सरकारने असे बंधन घालावे की, पंचवीस वर्षांवरील गाडी वितळविण्यापूर्वी तिचे सुस्थितीतील भाग, ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग वगळून, विक्रीसाठी बाजूला काढले जावेत. आणि गाडीच्या मालकांनी आपापल्या गॅरेजातील अनुभव गुप्तधन म्हणून न राखता, कोणता भाग कशाला जुळला याची तपशीलवार टिपणे एकमेकांना द्यावीत.

यातील कोणत्याही कामाला मोठा निधी लागत नाही. व्हर्निअर कॅलिपर, आटे मोजण्याची पट्टी, एक नोंदवही आणि थोडी चिकाटी एवढ्या सामग्रीवर उद्या सकाळी उरणातच प्रारंभ करता येईल. सुट्या भागांचा प्रश्न आपण आजवर बाजारावर सोपविला आणि बाजाराने आपल्या स्वभावधर्मानुसार त्याचे उत्तर दिले. जे बाजाराला परवडत नाही ते समाजाने जतन करावयाचे असते, हे आपण ग्रंथांच्या आणि किल्ल्यांच्या बाबतीत कधीच मान्य केले आहे. माणसाच्या हातांनी घडलेल्या यंत्रांच्या बाबतीतही तेच मान्य करण्याची वेळ आलेली आहे, आणि ती वेळ जाणते हात अजून शाबूत आहेत तोवरच साधता येईल.