पत्रा कोणाच्या बाजूचा?

गेल्या डिसेंबरात अब्बा फजरच्या नमाजला निघाले आणि गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजसाठी खणलेल्या चरात पडले. बॅरिकेड नव्हते असे नाही. पण दोन पत्र्यांच्या मध्ये माणूस सहज जाईल एवढी फट होती. अंधारात चकाकणारी पट्टी एकाही पत्र्यावर नव्हती. ठेकेदाराचे नाव मात्र ठळक होते. मनगट मोडले. दवाखान्यात अब्बा म्हणाले, "चूक माझीच, टॉर्च न्यायला हवी होती."

मनगटापेक्षा या वाक्याचा मला जास्त त्रास झाला.

मी सॉफ्टवेअरवाला. चालू सिस्टीममध्ये बदल करायचा तर आम्ही वापरणाऱ्यांना आधी कळवतो, तोवर दुसरी वाट चालू ठेवतो. रस्त्यासाठीही हे लिहून ठेवलेले आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची एसपी ५५ ही मार्गदर्शक पुस्तिका कामाच्या जागेचे चार भाग करते: आगाऊ सूचना, वाहतूक वळवण्याची जागा, प्रत्यक्ष काम आणि शेवट. पायी चालणाऱ्यांची सोयही तिच्यात धरलेली आहे. आपल्याकडे चारांपैकी एकच भाग दिसतो, तोही अर्धा.

शिवाय पत्रा म्हणजे सुरक्षा नव्हे. पातळ पत्रा धूळ अडवतो, नजर अडवतो. भरधाव गाडी अडवत नाही. खोल खड्ड्याच्या कडेला जड पायाचे, एकमेकांत अडकवलेले अडथळे लागतात. कोपऱ्यावर तर उंच पत्रा उलटा घातकच, कारण त्यामागून रस्त्यावर येणारे मूल चालकाला दिसत नाही. तिथे जाळी हवी. आपण तारेने पत्रे बांधतो, पायाशी दगड ठेवतो आणि पहिल्या वाऱ्याची वाट बघतो.

कायदा नाही अशी तक्रार करायला जागा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले. रस्त्याच्या बांधकामात किंवा देखभालीत सुरक्षेचे निकष न पाळल्यामुळे कोणाचा जीव गेला किंवा कोणी अपंग झाले, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख, तर जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अब्बांचा चर त्यात बसतो का, ते अर्ज केल्यावरच कळेल. अर्ज मी केला आहे.

वाचकांनी एवढे करावे: आपल्या गल्लीत खोदकाम सुरू झाले की बॅरिकेडिंगसाठी निविदेत किती रक्कम धरली आहे, हे माहिती अधिकारात विचारावे. रात्री जाऊन फोटो काढावेत. दिवसा सगळे पत्रे चांगलेच दिसतात.

आमचा चर बुजला. पत्रे अजून फुटपाथवर आडवे पडलेत, त्यामुळे अब्बा रस्त्यावरून चालतात. आता टॉर्च घेऊन.