सकळ लिपी आणि संगणक

संगणकात रमणारा विद्यार्थी साहित्याला पारखा होतो, हा नांदेड-लातूरच्या मराठी विभागांतून जोपासलेला समज मला साफ अमान्य आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने येथे घरोघर प्रमाणपत्र पोहोचवले. ते सरकारी नोकरीच्या अर्जाला जोडले की पुष्कळांचा संगणकाशी संबंध संपला. 'लातूर पॅटर्न'ने सराव आणि गुण यांची जी सांगड घातली, त्याच कुळातला हा प्रकार. (आपले 'अपेक्षित प्रश्नसंच' तरी कोणत्या कुळातले?)

परंतु एखादा विद्यार्थी अभ्यासक्रमात नसलेला प्रोग्रॅम केवळ ओढीने लिहितो, एका राहून गेलेल्या अर्धविरामापायी रात्र जागवतो. अक्षराशी एवढे इमान आपण तरी राखतो काय?

महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत झाकले: एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर. विसाव्या शतकाच्या प्रारंभी उकल होईपर्यंत पंथाबाहेरच्यांना ते बंदच होते. त्यांचे माहूर आपल्याच नांदेड जिल्ह्यात. आपण मात्र ही लिपी 'टीप लिहा'पुरती शिकवतो. अक्षरपालटाचे कोष्टक हाती दिले तर तो मुलगा ती उलगडणारा प्रोग्रॅम लिहील आणि जोडाक्षरापाशी अडखळेल. युनिकोडमध्ये 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे, हे त्याला तेथेच उमगेल. आपण त्याला विचारतो, 'बी.सी.ए.ला का गेला नाहीस?'